वाटसरूचं पाणी

आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कुणी हट्टी म्हटलेलं खपत नाही. "हट्ट न्हाय त्यो, नेम हाय," असं म्हणून त्या विषय संपवतात. नुसता हट्ट असता तर मी केव्हाच मोडून काढला असता. मीही बारामतीजवळच्या पिंपळीची लेक आहे, हट्टाला हट्टाने उत्तर द्यायला लहानपणीच शिकलेय. पण नेमापुढे माणसाने काय करायचं?

नेम असा. वरकुट्यात आमच्या मळ्याच्या बांधाला लागून जुनी पाणंद जाते. तिच्या कडेला एक लिंबाचं झाड आहे. गुढीपाडव्याला त्या लिंबाच्या बुडाशी रांजण बसवायचा, त्याला ओलं पोतं गुंडाळायचं, आत वाळ्याची जुडी सोडायची आणि मृग लागेपर्यंत रोज सकाळी विहिरीच्या पाण्याने तो भरायचा. इथवर कुणाची काही तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. रांजण भरला की वाटेने जाणारं कुणीतरी त्यातलं पाणी पिईपर्यंत आत्या अन्नाला शिवत नाहीत. घोटभर चहासुद्धा घेत नाहीत. आणि ते कुणीतरी घरचं चालत नाही, भावकीतलं चालत नाही, सांगून बोलावलेलं तर मुळीच चालत नाही. आपल्या पायाने आलेलं आणि तहान लागली म्हणून थांबलेलं माणूस हवं.

एके काळी हे सोपं होतं. हायवेच्या फाट्यापासून नदीपर्यंत हीच वाट होती. बाजाराला जाणारे, शाळेचे मास्तर, लग्नाची वऱ्हाडं, सगळे इथूनच जायचे आणि न्याहारीच्या आत कुणीतरी पाणी पिऊन गेलेलं असायचं. मग डांबरी रस्ता झाला, दारोदार मोटारसायकली आल्या आणि पाणंदीत वेडी बाभूळ माजली. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्या लिंबाखाली बसून दुपार करायच्या. एखादा मेंढका आला तर आला.

त्यात त्यांना साखर निघाली. आमच्या भागात साखर कारखान्यात निघते तशीच घरोघरी माणसांतही निघते, त्याचं कुणाला नवल नाही. पण गोळी घेऊन उपाशी बसायचं म्हणजे जिवाशी खेळ. गेल्याच्या गेल्या वैशाखात आत्या रांजणाशेजारी चक्कर येऊन पडल्या. भिगवणच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "या वेळी वेळेत आणलंत. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

"आत्या, रांजण मी भरत जाईन, तुमी येळंवर खावा," मी म्हटलं.

"तुला कुणी पाजलंय व्हय? उपकार माझ्यावर झालाय. भरायचा मीच."

माझा नवरा संदेश. त्याने आईसाठी एक युक्ती काढली. भिगवणात त्याचा मित्र आहे सूरज, मासळीचं हॉटेल चालवतो. तो सकाळी मोटारसायकल उसाआड लावून वाटसरू होऊन आला. खांद्यावर पिशवी, डोक्याला टॉवेल, सोंग अगदी बेतशीर. "लई लांबनं आलोय मावशी, घशाला कोरड पडलीय," म्हणत त्याने तांब्या उचलला. आत्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं.

"लेका, पाणंदीत घोट्याएवढा फुफाटा हाय. तुझ्या बुटाला धुरळाबी न्हाय."

सूरज तांब्या ठेवून असा पळाला की परत वर्षभर आमच्या शिवारात फिरकला नाही. आणि खोट्याचं पाप नको म्हणून आत्यांनी तो अख्खा दिवस काही खाल्लं नाही. म्हणजे युक्तीने आगीत तेल ओतलं. मी संदेशला वाट्टेल ते बोलले, आणि मग लिंबाखाली आत्यांच्या समोर फतकल मारून बसले. म्हटलं, आज मला कळलंच पाहिजे, हा नेम आला कुठून.

आत्यांनी सांगितलं. संदेश तेव्हा काही महिन्यांचा होता. त्या माहेराहून परत येत होत्या. एसटीने फाट्यावर सोडलं, न्यायला कुणी आलं नाही, म्हणून पोराला कडेवर घेऊन भर वैशाखात त्या चालत निघाल्या. निम्म्या वाटेत पोर रडायचं थांबलं. डोळे पांढरे करायला लागलं. त्यांच्याही डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात समोरून एक बाई आली, डोक्यावर भरलेली घागर घेऊन. तिने काही विचारलं नाही. आधी पोराच्या ओठाला पाणी लावलं, मग आत्यांना पाजलं, मग दोघांच्या डोक्यावर ओतलं. घागर रिकामी झाली तशी ती परत पाण्याला निघून गेली.

"आन् मी येडी, नाव इचारायचं इसरले," आत्या म्हणाल्या. "लई शोधली नंतर. तितल्या दगडफोड्यांच्या पालावरची व्हती म्हनं, ती मानसं कवाच उठून गेली. आता सांग, त्या दिशी तिच्या घरला पाणी उशिरा गेलं असंल. चूल उशिरा पेटली असंल. तिची पोरं माझ्यापायी उपाशी बसली असत्याल. मग माझा घास थोडा उशिरा गेला तर काय बिघडलं?"

ज्या पोराच्या ओठाला तिने पाणी लावलं, त्याच्याशी माझं लग्न झालंय.

सोंग चालणार नव्हतं. खरीच चालणारी माणसं हवी होती, आणि हल्ली कामासाठी कुणी चालत नाही. पण बिनकामाचं चालणारे असतात, हे मला माझ्या वर्गमैत्रिणीमुळे माहीत होतं. श्रेया बारामतीला असते. तिचा वीसेक जणांचा गट दर रविवारी कुठे ना कुठे पायी भटकतो. गाडीने तासन् तास जायचं आणि तिथं जाऊन चालायचं, याला मी आजवर हसत आले होते. म्हटलं, आता हसू आवर बाई, हीच माणसं उपयोगी पडणार.

माघात आम्ही वाट मोकळी करायला घेतली. संदेश आणि मी रोज सकाळी कोयते घेऊन जायचो आणि वेड्या बाभळीशी भांडून अंगभर ओरखडे घेऊन यायचो. लोक विचारायचे, "काय, रस्ता मंजूर झाला काय?" संदेश म्हणायचा, "घरातनंच मंजूर झालाय."

मध्ये एका जागी पाणंदच नव्हती. तिथं विजयसिंहतात्यांचा ऊस होता. वाट बंद पडली तशा त्यांच्या दोन सऱ्या हळूच इकडे सरकल्या होत्या. मी जरा घाबरतच त्यांच्याकडे गेले.

"चालणारं कोण हाय सूनबाई त्या वाटंनं?" तात्या म्हणाले.

"वाटच न्हाय तर चालणार कोण, तात्या?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आमची आई म्हणायची, वाटंचं खाल्लेलं पचत न्हाय. ऊसतोड झाली की बघू." मला वाटलं, टोलवलं. पण तोड झाल्यावर बुडख्यांचा खोडवा फुटायला ठेवताना त्यांनी त्या दोन सऱ्या स्वतःच्या ट्रॅक्टरने मोडून दिल्या. वर फणकाऱ्याने म्हणाले, "तुझ्या सासूला, छबूवैनीला, सांगू नगं मी केलंय म्हणून." मी सांगितलं नाही, पण त्यांच्या पाया मात्र पडले.

ट्रॉलीला लावून उरलेला पिवळा रंग होता. दगडांवर, झाडांच्या बुंध्यांवर मी त्याच्या खुणा केल्या. आणि त्या करता करता ती वाट मी पहिल्यांदा पाहिली. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी राहत होते, पण रस्त्याने जाणाऱ्याला वाट दिसत नाही. फाट्यावरून निघालं की आधी माळ लागतो. कुसळाचं गवत उन्हात सोनेरी झालेलं असतं आणि त्यात हरणं उभी असतात, आपण थांबलो की तीही थांबतात. मग ओढा. पाणी आटलेलं, पण दोन्ही काठांच्या करंजांनी वर छत धरलेलं. तिथून उसाची गल्ली, मग आमचं डाळिंब, लिंब, आणि शेवटच्या उतारावर एकदम नदीवरच्या उजनी धरणाचं पाणी. उथळ चिखलात रोहित पक्षी माना खाली घालून आपल्या कामाला लागलेले. मी रंगाचा डबा हातात घेऊन तिथं खुळ्यासारखी उभी राहिले. देवाने दाराशी आणून ठेवलेलं, आणि मी म्हणायची, आमच्या गावात बघण्यासारखं काय आहे!

श्रेयाला मी एवढंच कळवलं की आमच्याकडे चालायला वाट आहे, ये. रांजणाचा शब्द काढला नाही. काढला असता तर तेही सांगून बोलावलेलंच झालं असतं.

पाडव्यानंतरच्या रविवारी ते आले. डाळिंबाच्या झाडाआड उभी राहून मी बघत होते. रंगीबेरंगी टोप्या, हातात काठ्या, आणि प्रत्येकाच्या पाठीला पाणी! कुणाची बाटली, कुणाची तर पिशवीच, तिच्यातून नळी थेट तोंडात. चालणारे बोलावले, पण तहानलेले बोलवायचं राहिलंच की.

"अय्या, रांजण! किती गोड!" कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी फोटो काढले. आत्यांचेही काढले. आत्या तांब्या पुढे करून उभ्या होत्या आणि जो तो म्हणत होता, "नको आजी, आहे आमच्याकडे." ऋतिक नावाच्या एका उत्साही गड्याने तांब्या घेतला. त्याने तो सरळ डोक्यावर ओतून घेतला आणि "आहाहा" करत पुढे गेला. मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. अंगावर घेतलेलं काही प्यालेलं नव्हे.

सगळा घोळका उताराला लागला. माझ्या जिभेवर शिव्या येत होत्या आणि डोळ्यांत पाणी. आत्यांनी पदराने तोंड पुसलं आणि लिंबाला टेकून बसल्या. सकाळची गोळी घेऊन झाली होती, पोटात मात्र काही नव्हतं.

आणि मागून लीलाबाई आल्या. श्रेयाची आई. वजनाने भारी, चालीने हळू, गटाच्या कितीतरी मागे राहिलेल्या. लिंबाखाली आल्या तशा त्यांनी बूट काढून फेकले. "बाई गं, ते बाटलीतलं पाणी उन्हाने चहा झालंय. हे गार आहे का?" असं म्हणत त्या उत्तराची वाटही न बघता तांब्याभर प्यायल्या. मग आणखी एक. मग पाठीवरची बाटली काढून तिच्यातलं कोमट पाणी त्यांनी लिंबाच्या मुळाशी ओतलं आणि बाटली रांजणातून भरून घेतली.

"असं पाणी मी माझ्या आजोळी प्यायले होते," त्या आत्यांना म्हणाल्या. "देव तुमचं भलं करो."

आत्यांनी भाकरीचं फडकं सोडलं आणि घास घेतला. मी झाडाआड उभी राहून रडले, ते मात्र कुणी पाहिलं नाही.

लीलाबाईंनी खाली जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण परत येताना सगळे रांजणाशी थांबले आणि प्यायले. पुढच्या रविवारी निम्म्याजणांच्या बाटल्या रिकाम्याच आल्या. त्यांच्या फोटोंमुळे पुण्या-सोलापूरचे पक्षी बघणारे यायला लागले. आणि सगळ्यात गंमत म्हणजे शेजारच्या गावची साखरवाली मंडळी! डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, डांबरी रस्त्यावर ट्रकची भीती, म्हणून ती आमच्या पाणंदीत पहाटेपासून हात हलवत फिरू लागली. आठ वाजायच्या आत कुणीतरी पाणी प्यायचं. आत्या वेळेवर गोळी घ्यायच्या, वेळेवर जेवायच्या. मी मनातल्या मनात प्रत्येक वाटसरूच्या पाया पडायचे. त्यांना वाटायचं आपण पाणी पितोय. ते आमच्या घरात घास घालून जात होते.

मग यंदाचा वैशाख आला. असं ऊन मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाहेर पडू नका म्हणून रोज मोबाइलवर सूचना येत होत्या, आणि लोक शहाणे, ते ऐकतात. मी भावाच्या मुलीच्या, संस्कृतीच्या बारशाला पिंपळीला गेले होते. निघायच्या दिवशी सकाळी संदेशचा फोन आला.

"सकाळपासनं एक माणूस फिरकलेलं न्हाय. आई लिंबाखाली बसलीय. गोळी घेतलीय आन् खाईना. मी हात जोडले, ओरडलो, ऐकतच न्हाय. तू ये."

बारामतीहून भिगवणपर्यंत आणि तिथून फाट्यापर्यंत मी एसटीत कशी बसले ते माझं मला माहीत. उतरले तर संदेश मोटारसायकल चालू ठेवूनच उभा. "बस लवकर. तुझं ऐकंल ती."

मी पाय टाकणार, तेवढ्यात थांबले. मागे बसून गेले तर मी सून म्हणून जाणार. सून काय करू शकते? ओरडू शकते, रडू शकते. ते दोन्ही संदेशचं करून झालं होतं. पण माहेराहून आलेली बाई, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकून उंबरा ओलांडेपर्यंत ती घरची कुठे असते? तोवर ती वाटेवरचीच. आमच्याकडे आजही आत्या मला दारात थांबवतात आणि ओवाळल्याशिवाय आत घेत नाहीत.

मी पिशवी त्याच्या हातात दिली. पिशवीत पाण्याची बाटली होती, तीही दिली.

"भाकरी घेऊन लिंबाखाली जाऊन थांब. मी चालत येते. आन् त्यांना काई सांगू नगं."

"याड लागलं का तुला? बघ तरी ऊन!"

"जा!"

तो गेला. मी माळावर पाय ठेवला आणि पहिल्या शंभर पावलांत कळलं की आपल्याला खरंच याड लागलंय. गवताच्या वाफा तोंडावर येत होत्या. हरणं बोरीच्या सावलीत बसलेली होती, मला बघून उठलीसुद्धा नाहीत. चपलेत फुफाटा शिरून पाय भाजत होते. मी फक्त पुढची पिवळी खूण बघायची आणि तिथवर जायचं, असं चालले होते. ओढ्यात करंजांच्या सावलीत जरा जिवात जीव आला. बसावंसं वाटलं, पण बसले असते तर उठले नसते. उसाच्या गल्लीत वारा पडलेला. जीभ टाळूला चिकटली. खरं सांगते, तिथून पुढे मला आत्या आठवल्या नाहीत, नेम आठवला नाही, मी कशासाठी चालतेय तेही नाही. डोळ्यांपुढे फक्त ते ओलं पोतं होतं.

लिंबाखाली आत्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढरा पडलेला, ओठ कोरडे. संदेश बाजूला भाकरीचं फडकं धरून उभा. मी सावलीत येऊन थांबले.

आत्यांनी मान वर केली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली पायांकडे. पाय घोट्यापर्यंत मातीने माखलेले होते. मग प्रत्येक वाटसरूला विचारतात तेच त्यांनी विचारलं.

"कुठनं आलीस, बाई?"

"पिंपळीसनं."

"लांबनं आलीस. टेक आधी. तापल्या अंगानं घाई करू नगं."

त्या रांजणाला धरून उठल्या. तांब्या बुडवला आणि माझ्या ओंजळीत धार धरली. लग्नाला बारा वर्षं झाली, हा रांजण मी रोज पाहिला, पण घरची म्हणून त्यातलं थेंबभर पाणी कधी प्याले नव्हते. वाळ्याचा वास आला. गार पाणी घशातून उतरलं ते थेट डोळ्यांतून बाहेर आलं. मी थांबलेच नाही, पीतच राहिले.

"घरी कोन हाय?" आत्यांनी विचारलं.

"सासू हाय. सकाळपासनं उपाशी बसलीय."

"मग बिगीनं जा. सासवा लई हट्टी असत्यात."

संदेशला हसू फुटलं की रडू, ते कळलं नाही. त्याने भाकरी पुढे केली. आत्यांनी आधी तुकडा मोडला, माझ्यावरून ओवाळला आणि बांधापलीकडे टाकला. मगच स्वतःच्या तोंडात घास घातला. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. मी त्यांचे पाय धरले. मनात मात्र मी दुसऱ्याच बाईचे पाय धरले होते. जिचं नाव कुणालाच माहीत नाही, जिने त्या दिवशी आपली घागर रिकामी केली, म्हणून संदेश जगला, म्हणून मला घर मिळालं. तिची तहान भागवायला कुणी होतं का, देव जाणे.

"ए वृषाली," आत्या म्हणाल्या. आता मी घरची झाले होते. "उद्यापासनं रांजण तू भर."

"आन् तुमी?"

"मी येळंवर खाईन. माझं भागलं. आता उपकार तुझ्यावर झालाय."

दुसऱ्या दिवसापासून मी भरू लागले. दगडांवरच्या खुणा पुसट झाल्या होत्या, त्यांना पुन्हा रंग दिला. आत्या आठ वाजता गोळी घेऊन जेवतात आणि मग माझ्याशेजारी येऊन लिंबाखाली बसतात. परवा ऊन वर चढलं तरी वाटेवर कुणी दिसेना, तसा संदेश चहाचा कप घेऊन आला.

"घे की घोटभर. लई हट्टी हाईस बाबा तूबी."

"हट्ट न्हाय त्यो," मी म्हटलं, आणि आत्या पदराआड हसल्या. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने दोन टोप्या वर येताना दिसल्या, आणि मी तांब्या विसळायला घेतला.